जुनी पिकअप घेताना: नेहमीचे बिघाड, त्यांची लक्षणे आणि दुरुस्तीचा खर्च

कोल्हापुरात दूध, भाजीपाला, गूळ, फरशी किंवा फौंड्रीचे कास्टिंग वाहून नेण्याचा धंदा नव्याने सुरू करणारा माणूस बहुधा जुन्या पिकअपपासूनच सुरुवात करतो. नव्या गाडीचा हप्ता पहिल्या दिवसापासून मागे लागतो, तर जुनी गाडी निम्म्या पैशांत दारात उभी राहते, हा हिशेब चुकीचा नाही. परंतु विकणारा जी किंमत सांगतो ती गाडीची किंमत नसते. त्या रकमेत गाडी कामाला लावण्याआधीची दुरुस्ती, पासिंग, विमा आणि नावावर करण्याचा खर्च मिळवला की खरी किंमत निघते, आणि ती सांगितलेल्या किमतीपेक्षा पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंत जास्त भरू शकते. घरच्या माल वाहतुकीसाठी जुन्या गाड्या घेताना आणि त्या दुरुस्त करून घेताना जे कळत गेले, ते नव्या खरेदीदाराला उपयोगी पडेल अशा क्रमाने येथे मांडले आहे.

1. गाडीने आजवर काय वाहिले, हे आधी विचारा

बहुतेक जण प्रथम मॉडेल आणि किलोमीटर विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न मालाचा असावा, कारण गाडी कुठे खराब झालेली असणार हे मालावरून बरेचसे कळते आणि तपासणी कुठून सुरू करायची तेही ठरते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत कास्टिंग वाहिलेल्या गाडीचा हौदा अर्धा रिकामा दिसत असला तरी वजन पुरेपूर, बहुतेक वेळा क्षमतेपेक्षा जास्तच असते. अशा गाडीचे मागचे पाटे, हाउसिंग (मागच्या ॲक्सलचे कवच) आणि चासी (गाडीचा सांगाडा) नीट पाहावी. दुधाच्या गाड्या रोज ठरावीक मार्गावर फिरतात, त्यांचा हौदा सतत धुतला जातो आणि दर थोड्या अंतरावर त्या थांबतात. त्यामुळे हौद्याचा तळ व त्याखालील आडव्या पट्ट्या गंजतात, क्लच आणि सेल्फ (स्टार्टर) झिजतात, पण इंजिन बहुधा ठीक असते. कोकणातून मासळी आणणाऱ्या गाडीच्या बाबतीत मी सरळ सांगतो की ती घेऊ नये. मिठाचे पाणी चासीच्या आतील बाजूला, ब्रेकच्या पाइपांना आणि वायरिंगच्या जोडांना लागते, आणि वरून मारलेल्या रंगाखाली ते दिसत नाही. कोंबडीखत किंवा रासायनिक खत वाहिलेल्या गाडीचीही थोड्याफार फरकाने हीच गत असते. वाळू आणि विटांच्या गाड्यांविषयी वेगळे सांगायला नको. त्या तुलनेत बेकरी, किराणा, औषधे किंवा कापड वाहणारी गाडी किलोमीटर जास्त असले तरी चांगली निघण्याची शक्यता अधिक असते.

विकणारा खरे सांगेलच असे नाही, म्हणून हौद्याकडे पाहावे. फळ्यांमध्ये अडकलेली वाळू, फाळक्यावरचे कास्टिंगचे ओरखडे, कोपऱ्यातला वास आणि मूळ पाट्यांत घातलेला जादा पाटा लपवता येत नाही. हौद्याची उंची लोखंडी अँगल लावून वाढवलेली असेल तर पासिंगच्या वेळी तो अँगल कापावा लागेल हेही लक्षात ठेवावे.

2. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखा

पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहराच्या सखल भागांत, चिखली-आंबेवाडीत व शिरोळ तालुक्यात असंख्य वाहने पाण्यात उभी राहिली. त्यांपैकी अनेक धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात आली. अशी गाडी पहिले काही महिने व्यवस्थित चालते, आणि नंतर एकेक सेन्सर, एकेक रिले, मग अल्टरनेटर आणि शेवटी इंजिनचा कंट्रोल युनिट असा खर्च सुरू होतो, ज्याचे मूळ कोणत्याही मेकॅनिकला एका भेटीत सापडत नाही.

तपासताना सीटचा पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढावा. शेवटच्या वीतभर भागावर मातीचा रंग असेल तर पाणी सीटपर्यंत आले होते असे समजावे. डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूज बॉक्सच्या मागे वाळलेला गाळ आहे का पाहावे, वायरिंगचा एखादा जोड सोडून आतील पिना हिरव्या पडल्या आहेत का पाहावे, आणि हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का तेही पाहावे. दरवाजाच्या आतला पुठ्ठा अगदी नवा असेल आणि बाकी केबिन जुनी, तर कारण विचारावे. गाडीचा विम्याचा जुना दावा विमा कंपनीकडे आणि पुराच्या महिन्यांनंतरची कामे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे नोंदलेली असतात. मालकाला सोबत घेऊन ती माहिती काढावी. मालक त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी पाहावी.

3. इंजिन थंड असतानाच तपासा

भेटीची वेळ सकाळची ठरवावी आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नये असे स्पष्ट सांगावे. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटला हात लावावा. ते गरम लागले तर सकाळी सुरू होण्यात अडचण आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढावी. ऑइल काळे असणे डिझेल इंजिनात स्वाभाविक आहे, मात्र ते दुधाळ दिसत असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा आहे. रेडिएटरचे झाकणही थंड असतानाच उघडावे. आत हिरवा किंवा गुलाबी कूलंट नसून गंजलेले साधे पाणी असेल तर गाडी गरम होण्याची सवय असलेली असू शकते.

पहिल्या सेल्फला इंजिन सुरू व्हावे. सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे एका माणसाला उभे करावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर येऊन थांबला तर हरकत नाही, पण गरम झाल्यावरही तो येत राहिला तर कूलंट जळत आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत. काळा धूर चोंदलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, टर्बोच्या होजची गळती किंवा चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) यांपैकी कशामुळेही येतो, आणि यांतील पहिले कारण काही शे रुपयांचे तर दुसरे काही दहा हजारांचे असल्याने नुसत्या धुरावरून सौदा मोडू नये आणि करूही नये.

इंजिन गरम झाले की ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. थोडी वाफ येणे चालते. जोराने धूर बाहेर फेकला जात असेल आणि झाकण उडत असेल तर रिंगा व लायनर झिजलेले आहेत, आणि ही गाडी इंजिनाच्या कामाला आली आहे. टर्बो असलेल्या गाडीत इंटरकूलरकडे जाणारी होज सोडून आत बोट फिरवावे. किंचित ओलावा असतोच, पण ऑइल साचलेले असेल तर टर्बोचे सील गेलेले असू शकतात.

गाडीगणिक इंजिनांत फरक आहे. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या छोटा हत्तीचे, मूळ इंजिन दोन सिलेंडरचे 702 सीसीचे आहे. त्याची रचना साधी असून दुरुस्ती कोणत्याही गावात होते, पण त्याच्यावर दीड टन लादून घाट चढवला असेल तर ते लवकर बसते. महिंद्रा बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे चार सिलेंडर इंजिन दणकट आहे, आणि त्याचे सुटे भाग कोल्हापुरात सहज मिळतात. अशोक लेलँड दोस्त तीन सिलेंडरची, सुमारे दीड लिटरची असून चालवायला हलकी आहे. या दोघींच्याही कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांना डिझेलमधील पाणी आणि कचरा सोसत नाही. कॅनने आणलेले किंवा शेतावरच्या पिंपातले डिझेल घालून चालवलेली गाडी असेल तर इंजेक्टरचा खर्च गृहीत धरावा.

4. चढावर चालवून पाहा

सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, दोन किलोमीटर चालवून काहीच समजत नाही. केर्लीवरून जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ जवळ आहे, तेथे गाडी न्यावी, आणि शक्य असल्यास हौद्यात अर्धा टन तरी माल ठेवावा. मालक डिझेलचे पैसे मागेल, ते द्यावेत.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट संपली आहे. क्लच दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग बदलावे लागेल. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खरखर होणे हे सिंक्रो रिंग झिजल्याचे लक्षण आहे, आणि उतारावर पाय काढताच गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. वेग पकडताना खालून ठकठक आली तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग पाहावे. ते स्वस्त काम आहे. वेगाबरोबर वाढत जाणारा मागचा हुंकारासारखा आवाज मात्र क्राऊन-पिन्यनचा (हाउसिंगमधील गिअरच्या जोडीचा) असतो, आणि ते काम स्वस्त नाही.

उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी आणि ब्रेक मोजके वापरावेत. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर मागच्या ॲक्सलचे ऑइल सील गळून लायनर भिजलेले असण्याची शक्यता असते, म्हणून खाली आल्यावर मागच्या चाकांच्या आतील बाजूला ऑइलचे ओघळ आहेत का पाहावे. गगनबावडा, आंबा किंवा फोंडा घाटात माल न्यायचा असेल तर ब्रेकच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. वर पोहोचताच तापमानाचा काटा पाहावा आणि गाडी थांबवून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवावे. याच वेळी काटा चढू लागला तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप यांपैकी काहीतरी निकामी आहे.

5. खाली झोपून चासी, पाटे आणि स्टिअरिंग पाहा

चासीच्या लांब पट्ट्यांवर, विशेषतः केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरजवळ, वेल्डिंगची रेघ किंवा जोडपट्टी दिसली तर गाडी वाकून सरळ केलेली असू शकते. अशी गाडी मी घेत नाही, किंमत कितीही कमी असली तरी. तुटलेला पाटा, झिजलेले बुश, सैल यू-बोल्ट ही नेहमीची आणि सोपी कामे आहेत. पुढची चाके जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावीत. खेळ आढळला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड बदलावे लागतील. पुढचे टायर एका कडेने झिजलेले असणे हेही त्याचेच लक्षण आहे.

6. बीएस-6 गाडी असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय बोलू नका

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या, कडक निकषाच्या गाड्याच नोंदल्या जातात. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. मार्केट यार्ड ते लक्ष्मीपुरी अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो चोंदतो, दिवा लागतो, ताकद कमी होते. काही मालक तो कापून काढतात आणि सॉफ्टवेअर बदलून दिवा बंद करतात. अशी गाडी पीयूसी आणि पासिंगला अडू शकते आणि डीपीएफ पुन्हा बसवण्याचा खर्च इंजिनाच्या कामाच्या घरात जातो. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये पाचशे ते दीड हजार रुपये देऊन जुने व चालू फॉल्ट कोड काढून घ्यावेत. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तीही माहितीच आहे. किलोमीटर मागे फिरवले असल्याचा संशय सर्व्हिस सेंटरमधील नोंदींवरून तपासता येतो.

7. दुरुस्तीचा ढोबळ खर्च

पुढील आकडे खासगी गॅरेजमधील सुटे भाग आणि मजुरी धरून, बोलेरो पिकअपच्या आकाराच्या गाडीसाठी आहेत. छोटा हत्तीला यापेक्षा बरेच कमी लागतात, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जास्त. सौद्याला बसण्यापूर्वी आपल्या गाडीचा लेखी अंदाज दोन गॅरेजमधून घ्यावा.

- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग: 8 ते 15 हजार
- इंजेक्टर दुरुस्ती: प्रत्येकी 3 ते 6 हजार, नवीन घेतल्यास प्रत्येकी 12 ते 20 हजार
- टर्बो: दुरुस्ती 10 ते 18 हजार, नवीन 20 ते 40 हजार
- हेड गॅस्केट व हेडचे फेसिंग: 12 ते 25 हजार
- हाफ इंजिन (रिंगा-पिस्टनपुरते काम): 35 ते 60 हजार, फुल इंजिन (क्रँकसह): 70 हजार ते सव्वा लाख
- गिअरबॉक्स: 12 ते 35 हजार
- क्राऊन-पिन्यन व बेअरिंग: 18 ते 35 हजार
- चारही चाकांचे ब्रेकचे काम: 6 ते 12 हजार
- मागचे पाटे व बुश: 6 ते 15 हजार
- टायर: प्रत्येकी 5 ते 9 हजार
- बॅटरी: 6 ते 9 हजार

इंजिनाच्या कामात कोल्हापूरकरांना एक सोय आहे. सिलेंडर बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामे करणारी लेथ आणि मशीन शॉप शिवाजी उद्यमनगरात एकमेकांच्या शेजारी आहेत, त्यामुळे इंजिन खोलल्यावर ते पुण्याला पाठवावे लागत नाही. मात्र मिस्त्री हाफ इंजिन सुचवत असेल तर क्रँक मोजला का, हे विचारावे. रिंगा, पिस्टन नवे आणि क्रँक झिजलेला अशी जोडणी केली की ऑइलचा दाब थोड्याच महिन्यांत पडतो आणि तेच काम पुन्हा, आधीपेक्षा जास्त पैशांत करावे लागते. मशीन शॉपकडून मापांची चिठ्ठी घ्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि पार्टचे बिल दुकानाच्या नावाने असावे.

8. कागदपत्रे

यंत्र चांगले आणि कागद अर्धवट, अशी गाडी धंद्याच्या उपयोगाची नाही. टोकन देण्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, पासिंगची मुदत, विमा आणि बोजा (गाडीवरील कर्जाची नोंद) पाहावा, थकलेले ई-चलनही तपासावे. चासी व इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवावा. पुढील कागद लागतात:

- आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती
- मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, विकणाऱ्याच्या सहीसह
- कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35
- दोघांचे ओळखपत्र, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन
- गाडीचे मालासह एकूण वजन 3000 किलोपेक्षा जास्त असल्यास परमिट

व्यावसायिक वाहनाचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. गाडी जुनी होत जाते तसे शुल्क कित्येक पटींनी वाढते, म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढचा हिशेब करावा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

निपाणी, चिकोडीकडची कर्नाटक पासिंगची गाडी आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त दिसते. ती घेतल्यास तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र फॉर्म 28 वर आणावे लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि बारा महिन्यांच्या आत एमएच-09 चा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

नुसता नोटरी करार करून, मूळ मालकाच्या नावावरच गाडी चालवण्याची पद्धत येथे रुळलेली आहे, आणि ती दोघांनाही धोक्याची आहे. आरसीवर ज्याचे नाव त्याचीच जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे शहाणा विक्रेता स्वतःच नाव बदलण्याची घाई करतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवावे. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्त्यातील फरक भरावा लागेल. चालकाच्या परवान्याविषयी मात्र आता संभ्रम नको: मालासह एकूण 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे.

9. सौदा आणि पहिली कामे

तपासणीत निघालेल्या कामांची यादी अंदाजासह कागदावर लिहून मालकासमोर ठेवावी. आवाजी घासाघिशीत दोन-पाच हजार सुटतात, लेखी अंदाज दाखवला की वीस-तीस हजार सुटू शकतात. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. टोकन खात्यावरून द्यावे, मोठा भाग फॉर्मवर सह्या झाल्यावर द्यावा आणि काही रक्कम आरसीवर नाव चढेपर्यंत राखून ठेवावी, आणि हे करारात लिहून घ्यावे. फायनान्स कंपनीने ओढून आणलेली गाडी घेत असाल तर त्यात ही सवलत मिळत नाही, आणि चाचणीही अनेकदा यार्डातच उरकावी लागते, त्यामुळे तिथे किंमत त्या मानानेच लावावी.

गाडी ताब्यात आल्यावर विकणाऱ्याने सर्व्हिसिंग झाल्याचे सांगितले असले तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचे ऑइल एकदमच बदलून घ्यावे. यासाठी 10 ते 15 हजार रुपये वेगळे ठेवावेत. फॅन बेल्ट आणि रेडिएटरच्या होजही याच वेळी बदलाव्यात, कारण घाटात तुटलेला शंभर-दोनशेचा पट्टा टोचनचे चार-पाच हजार आणि दिवसाचे भाडे घेऊन जातो. पहिला महिनाभर क्षमतेच्या तीन चतुर्थांशच माल भरावा, रोज सकाळी ऑइल आणि कूलंटची पातळी पाहून वहीत लिहावी, आणि दर आठवड्याला गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर कोणत्या रंगाचा डाग कुठे पडला आहे ते पाहिले की काळा इंजिनचा, लालसर किंवा हिरवा कूलंटचा, आणि मागे मध्यभागी पडलेला घट्ट, उग्र वासाचा डाग हाउसिंगचा, एवढे स्वतःला ओळखता येते आणि मिस्त्रीकडे गेल्यावर नेमके काम सांगता येते.